टपाल वाटपाची नवी पद्धत : नग मोजले, मिनिटं कोण मोजणार?

बीट नंबर सात

नमस्कार मंडळी. मी शहरी भागात पोस्टमन आहे. सरकारी नोकरीचे आचारनियम असतात, म्हणून गावाचं आणि ऑफिसचं नाव लिहीत नाही. जे लिहितोय ते एका ऑफिसापुरतं नाहीच. टपालाच्या उशिराबद्दल इथे बऱ्याच जणांनी लिहिलंय. 'पोस्टमन वर येतच नाही, खालूनच दार बंद असा शेरा मारतो' असंही कुणीतरी लिहिलंय. तो राग मला समजतो. पण पिशवी ज्याच्या खांद्यावर आहे त्याच्या बाजूने गेल्या काही काळात काय काय बदललं, ते एकदा नीट मांडावं म्हणून हा धागा काढतोय.

आधी पद्धत काय होती ते. वाटप करणाऱ्या प्रत्येक पोस्ट ऑफिसला स्वतःचे पोस्टमन असत. सकाळी मेलची गाडी यायची, पिशव्या फोडायच्या, टपाल बीटवार लावायचं (बीट म्हणजे एका पोस्टमनच्या वाट्याचा ठरलेला भाग), मग ज्याने त्याने आपापल्या बीटची मांडणी रस्त्याच्या क्रमाने करायची आणि बाहेर पडायचं. पुष्कळांचं बीट ऑफिसच्या कोपऱ्यावरूनच सुरू व्हायचं. २०२५ पासून टप्प्याटप्प्याने स्वतंत्र डिलिव्हरी केंद्रं आली, आमच्या बोलण्यात 'आयडीसी'. आसपासच्या अनेक पिनकोडांचे पोस्टमन एका छताखाली आणायचे, टपाल तिथेच उतरणार, तिथूनच वाटप होणार. जुन्या ऑफिसात काउंटर राहतो, म्हणजे बचत खाती, बुकिंग, आधार वगैरे. पार्सलांसाठी नोडल केंद्रं, म्हणजे अनेक ऑफिसांची पार्सलं एकाच ठिकाणाहून वाटणारी, आधीपासून होतीच. आता पत्रंही त्याच वाटेने चालली आहेत.

त्याच वर्षात आणखीही बदल लागोपाठ आले. नवी संगणक प्रणाली, जिला एपीटी म्हणतात, ती ४ ऑगस्ट २०२५ ला देशभरातल्या सुमारे १.६५ लाख पोस्ट ऑफिसांत लागू करून पूर्ण झाली. राखीपौर्णिमा होती ९ ऑगस्टला. राखीच्या आठवड्यात टपालाचा ढीग किती असतो ते टपालातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. १ सप्टेंबरपासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा संपली आणि स्पीड पोस्टात विलीन झाली. १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टचे दर बदलले आणि ओटीपी घेऊन वाटप करायची सोय आली. यातल्या एकेका बदलाला कारण आहे, आणि काही बदल तर मलाही हवेच होते. पण सगळे एकाच माणसाच्या पिशवीत, एकाच हंगामात येऊन पडले.

आता एक पाकीट हातात देण्याला किती वेळ लागतो ते जरा जवळून बघा. पूर्वीचं रजिस्टर म्हणजे बेल वाजवली, नाव विचारलं, यादीवर सही घेतली, पुढचं दार. आता बँकेचं कार्ड आलंय आणि पाठवणाऱ्याने ओटीपीची सेवा घेतलीय असं धरा. सोसायटीच्या गेटवर नाव-नंबर टाकून नोंद करायची, घरातून होकार येईपर्यंत उभं राहायचं. मग लिफ्टची वाट. नवव्या मजल्यावर आजी दार उघडतात. बारकोड स्कॅन होतो. ओटीपी गेलेला असतो मुलाच्या मोबाइलवर आणि मुलगा कामावर. आजी चष्मा शोधतात, फोन लावतात, तो उचलत नाही. दुसऱ्यांदा उचलतो, आकडे सांगतो. तोवर माझ्या ॲपवरचं चाक फिरत असतं, कारण जिन्यात नेटवर्क नाही. खिडकीशी जाऊन पुन्हा दाबायचं. मग स्क्रीनवर बोटाने सही, आणि आजींची सही पहिल्या फटक्यात उमटत नाही. थांबावं तर खालच्या सगळ्या गल्लीला उशीर. निघावं तर उद्या परत हाच मजला, आणि वर 'पोस्टमन थांबला नाही' ही तक्रार.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. ओटीपीच्या सेवेसाठी टपाल खातं पाठवणाऱ्याकडून नगामागे ५ रुपये अधिक जीएसटी घेतं. नेमक्या माणसाच्याच हातात द्यायचं असेल, म्हणजे जुन्या रजिस्टरसारखं, तर त्याचेही वेगळे ५ रुपये अधिक जीएसटी. ठीक आहे, जास्त सेवेचे जास्त पैसे घ्यावेत. याचा अर्थ खात्यालाही मान्य आहे की हे काम जास्तीचं आहे. मग दारावरची ती जास्तीची मिनिटं माझ्या बीटच्या हिशेबात धरली आहेत का? बीट किती मोठं असावं हे टपालाची संख्या, सहीचे नग, मनीऑर्डरी, चालायचं अंतर अशा गोष्टींवरून ठरवतात. स्कॅन, ओटीपी, फोन, गेटवरची नोंद, लिफ्ट यातलं काहीच नव्हतं तेव्हाची ती मापं. पुनर्रचना करताना आधी ही मापं बदलायला हवीत. ती न बदलता 'साधी पत्रं कमी झाली, म्हणजे काम कमी झालं' असा निष्कर्ष काढून बीटं एकत्र केली, तर एकाच्या अंगावर दोघांचं काम पडतं.

केंद्रामुळे आणखी एक वेळ जातो. केंद्रापासून बीटच्या पहिल्या दारापर्यंतचा आणि शेवटच्या दारापासून केंद्रापर्यंतचा. परत यावंच लागतं, कारण सीओडीचे, म्हणजे पार्सल देताना गिऱ्हाइकाकडून घेतलेले, पैसे भरायचे असतात, न वाटलेले नग जमा करायचे असतात. या प्रवासात एकही पत्र वाटलं जात नाही. तरी तो प्रवास ट्रॅफिकमधून, भरल्या पिशवीनिशी करायचा असतो. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ साली आमचा सायकल भत्ता महिना ९० रुपयांवरून १८० झाला. सायकलवर केंद्रातून बीट गाठणं अनेकांना शक्यच नाही. लोक स्वतःच्या दुचाकी वापरतात, स्वतःचं पेट्रोल जाळतात.

मी केंद्राच्या विरोधात नाही. मोजणी न करता केंद्र नको, एवढंच माझं म्हणणं आहे. टपालात काम केलेल्या किंवा करणाऱ्या मंडळींनी जरूर लिहावं. ज्यांच्या घरी टपाल येतं त्यांनीही.

गोधडीघर

धागा वाचून बरं वाटलं, कारण आतलं कुणी लिहीतच नाही. मी घरून गोधड्या आणि दुपटी शिवून विकते. माझं निम्मं गिऱ्हाईक लहान गावांतलं आहे. तिथे कुरिअरवाले जात नाहीत, गेले तर जास्तीचे पैसे मागतात. पोस्ट जातं. त्यामुळे पोस्टावर माझं पोट आहे असं म्हटलं तरी चालेल.

पण खरं सांगू का दादा, गिऱ्हाईक आठवडाभर कामावर असतं, घरी रविवारी सापडतं. पार्सल दोनदा फिरून परत आलं की दोन्हीकडचा खर्च माझा. नव्या केंद्रातून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही वाटप होणार असं ऐकलं, तेव्हा मला आनंद झाला होता. तुमच्या मंडळींचा त्याला विरोध आहे असंही ऐकलं. तो का?

निवृत्त सबपोस्टमास्तर

बीट नंबर सात यांनी जे लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द ओळखीचा आहे. तरी खात्याची बाजूही मांडतो, कारण मी दोन्हीकडून पाहिलंय.

लहान वाटप ऑफिसात चार पोस्टमन. एक आजारी, एकाची जागा रिकामी. उरलेल्या दोघांनी चार बीटं करायची, नाहीतर बाहेरचा बदली माणूस शोधायचा, जो पत्त्यांना नवखा. सबपोस्टमास्तर म्हणून ती सकाळ मी अनेकदा काढली आहे. एका केंद्रात मोठी पलटण असेल तर रजेवरच्या माणसाची सोय होते. मेलच्या गाडीला दहा ऑफिसं फिरावी लागत नाहीत, टपाल लवकर उतरतं. शिवाय पार्सलं आता एवढी मोठी येतात की जुन्या भाड्याच्या ऑफिसात ती ठेवायलाच जागा नव्हती. तेव्हा कल्पना टाकाऊ नाही.

मात्र एक गोष्ट केंद्राला मिळणार नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपलेच, संस्कृतचे मोठे पंडित. त्यांच्या रचनेत पहिला आकडा विभागाचा, आपल्याकडे तो ४, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. दुसरा उपविभागाचा, तिसरा सॉर्टिंग जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या ऑफिसचे. हे सहा आकडे लिहिले की पाकीट त्या ऑफिसात पोचायचं आणि पुढचं काम पोस्टमनच्या डोक्यातल्या पत्त्यांवर चालायचं. 'मारुती मंदिरामागे, जाधवांच्या वाड्यात' एवढंच लिहिलेलं पत्रसुद्धा योग्य बिऱ्हाडी जायचं. काउंटरवरच्या कारकुनाला शंका आली तर पोस्टमन आत बसलेलाच असायचा. पेन्शनर आजोबा महिनाभर आले नाहीत तर पोस्टमन सांगायचा की पडलेत, पाय मोडलाय. वाटप उठून गेलं की ऑफिसाला ही माहिती मिळत नाही.

आता डिजिपिन आलाय, मे २०२५ मध्ये. साधारण ४ मीटर बाय ४ मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरांचा पत्ता. शेतातल्या वस्तीसाठी, नव्या वाढलेल्या उपनगरासाठी फार उपयोगी. पण चाळीत एकाच चौकोनावर तीन मजले आणि मजल्यागणिक बिऱ्हाडं. तिथे माणूस लागतोच.

बीट नंबर सात

गोधडीघरताई, रविवारच्या वाटपाला सरसकट विरोध नाही. प्रश्न एवढाच की रविवारी येणारा माणूस कोण. त्याच माणसांना आळीपाळीने बोलावलं आणि आठवड्यात बदली सुट्टी दिली, तर सुट्टीच्या दिवशी त्याचं बीट कोण करणार? पुरेशी माणसं असतील तर आनंदाने. रविवारी फक्त पार्सलं आणि स्पीड पोस्ट, त्यासाठी वेगळं बीट आणि खात्याचं वाहन, अशी मांडणी असेल तर तुमचंही काम होतं आणि आमचंही. बीट तेवढंच, माणसं तेवढीच आणि दिवस वाढले, तर रविवारी वाटलेलं पार्सल मंगळवारच्या पत्रांच्या जिवावर वाटलेलं असतं.

मास्तर, तुम्ही रजेचा मुद्दा लिहिलात तो अगदी बरोबर. पलटण मोठी झाली की रजा मिळेल, ही आमचीही आशा आहे. मात्र केंद्र करताना रिकाम्या जागा आधी हिशेबातून वजा केल्या, तर पलटण मोठी दिसेल पण माथ्यावरचं काम तेवढंच राहील.

नकाशावाला

मी मालवाहतुकीच्या मार्गांची गणितं करतो, टपालात नाही, खाजगी क्षेत्रात. 'पत्रं कमी म्हणजे काम कमी' या वाक्याबद्दल लिहायचं आहे, कारण आमच्या क्षेत्रातही हीच गल्लत होते.

समजा एका गल्लीत शंभर दारं आहेत आणि पूर्वी त्यातल्या साठ दारांना रोज काहीतरी असायचं. आता तीसच दारांना असतं. पत्रं निम्मी झाली. चाललेलं अंतर निम्मं झालं का? गल्लीच्या शेवटच्या घराला एक जरी पत्र असलं तरी शेवटपर्यंत जावंच लागतं. अंतर जवळपास तेवढंच राहतं आणि एका पत्रामागे लागणारी पायपीट वाढते. दुसरीकडे सहीच्या नगांचा हिस्सा वाढला की दारावर थांबायचा वेळ वाढतो. त्यामुळे एकूण नग घटूनही एकूण वेळ वाढू शकतो. यात कामचुकारपणाचा संबंध नाही, हा साधा भूगोल आहे.

केंद्राचा फायदा कुठे होतो? जिथे वाहन एकदा भरून निघतं आणि दाट वस्तीत थोड्या थांब्यांत रिकामं होतं तिथे, म्हणजे पार्सलांना. पायी किंवा सायकलवर वाटायच्या टपालाला उलट सुरुवातीची जागा बीटच्या जवळ हवी. यावर मधला मार्ग आहे. टपाल लावायचं काम केंद्रात करा, लावलेले गठ्ठे गाडीने जुन्या ऑफिसात किंवा बीटजवळच्या एखाद्या जागी सोडा, पोस्टमन तिथून उचलेल. मोठ्या शहरांत हे करता येईल असं मला वाटतं.

अजून एक. सॉफ्टवेअरने बीटं आखताना नकाशावरचं सरळ अंतर घेऊ नये. मध्ये रेल्वेचा रूळ, नाला, महामार्गाचा दुभाजक असला की शंभर मीटरवरच्या घराला दीड किलोमीटरचा वळसा पडतो. बीट आखणाऱ्याने एकदा पोस्टमनबरोबर चालावं.

घाटमाथ्यावरचा डाकसेवक

सगळे शहराचं बोलतायत म्हणून खेड्याचं लिहितो. मी शाखा डाकघरात एबीपीएम, म्हणजे सहायक शाखा पोस्टमास्तर आहे. आम्ही ग्रामीण डाक सेवक देशात अडीच लाखांच्या आसपास आहोत, पण आम्हाला पगार नाही, टीआरसीए, म्हणजे कामाच्या तासांवर ठरलेला भत्ता मिळतो. १ जुलै २०१८ पासून लागू झालेली सुरुवातीची महिन्याची रक्कम एबीपीएमला रोजच्या चार तासांसाठी १०,००० आणि पाच तासांसाठी १२,०००, बीपीएमला (शाखा पोस्टमास्तरला) १२,००० आणि १४,५००, त्यावर महागाई भत्ता. त्यासाठीसुद्धा आधी संप करावा लागला होता, २०१८ च्या मे-जूनमध्ये.

कागदावर काम चार किंवा पाच तासांचं. प्रत्यक्षात पिशवीची वाट बघण्यात सकाळ जाते. वरच्या ऑफिसात टपाल लावायला उशीर झाला की आमची पिशवी उशिरा, आणि वाड्यावस्त्यांची चढण तेवढीच. मग दुपारी आयपीपीबीचे, म्हणजे पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचे, पैसे घरपोच द्यायचे, आधारला मोबाइल जोडायचा, नोव्हेंबरात म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले मोबाइलवर करून द्यायचे, ग्रामीण टपाल विम्याचं टार्गेट. बोटाचा ठसा उमटत नाही अशा आजीसाठी पाणी मागवून, बोट पुसून, पुन्हा पुन्हा ठसा घ्यायचा. ती आजी सकाळपासून ओट्यावर बसलेली असते, तिला नाही म्हणता येत नाही आणि म्हणायचंही नाही. पण हे सगळं चार तासांत बसत नाही.

केंद्राची पद्धत खेड्यापर्यंत आलीच तर पिशवी आमच्याकडे किती वाजता पोचणार, हे आधी लेखी सांगा. बाकी सगळं त्या एका वेळेवर अवलंबून आहे.

रोखठोक

राग मानू नका, पण कुरिअरची पोरं दिवसाला कितीतरी जास्त पार्सलं टाकतात, तेही ऊन-पावसात, पेन्शन-बिन्शन काही नाही. पोस्टमनला पक्की नोकरी आहे. मग थोडं काम वाढलं तर एवढा गहजब का? आमच्याकडे बँकेचं चेकबुक पंधरा दिवसांनी आलं. त्याला जबाबदार कोण?

बॅग आणि मी

मी पोस्टवुमन आहे. बीट नंबर सात यांनी ज्या गोष्टी लिहिल्या नाहीत त्या लिहिते.

जुनं ऑफिस माझ्या बीटमध्येच होतं. दुपारी पाणी प्यायला, स्वच्छतागृहात जायला, भर पावसात दहा मिनिटं थांबायला तेच ठिकाण. वाटप केंद्रातून सुरू झालं की दिवसभर बाहेर आणि मध्ये कुठेच टेकायची जागा नाही. रस्त्यावर बायकांसाठी सोय किती असते ते इथल्या बायकांना माहीत आहे. मैत्रिणी सकाळी पाणीच कमी पितात. जुन्या ऑफिसांची दारं आम्हाला दुपारी उघडी राहतील, असा एक साधा आदेश निघाला तरी खूप फरक पडेल.

दुसरं, केंद्र शहराच्या टोकाला असलं आणि संध्याकाळी हिशेबाला रांग लागली, तर घरी पोचायला रात्र होते. स्त्रियांची भरती आता वाढली आहे आणि ते चांगलंच आहे. मग केंद्राची जागा ठरवताना बस कुठून सुटते हे बघायला हवं.

रोखठोक यांना एकच सांगते. ती कुरिअरची मुलं मला रोज जिन्यात भेटतात. त्यांना घाम पुसायलाही वेळ नसतो. त्यांचे हाल हे माझ्या कामाचं माप होऊ नये आणि त्यांच्याही होऊ नये.

बीट नंबर सात

रोखठोक, राग नाही. चेकबुक पंधरा दिवसांनी मिळालं तर तुम्ही विचारायलाच हवं, आणि नगाचा नंबर असेल तर ते कुठे किती दिवस पडून होतं हे ट्रॅकिंगमध्ये दिसतं. ते जरूर बघा. बुकिंगला, सॉर्टिंगला की वाटपाला वेळ गेला, ते कळल्याशिवाय दोष एकाच्या माथी मारू नये, माझ्याही आणि दुसऱ्याच्याही.

तुलनेबद्दल. कुरिअर कंपनी आपल्याला परवडतील ते पत्ते निवडते. पोस्टाला निवड नाही. ५० ग्रॅमचं स्पीड पोस्ट शहरातल्या शहरात १९ रुपये आणि त्याबाहेर देशात कुठेही ४७ रुपये, जीएसटी वेगळा. गडचिरोलीच्या जंगलातलं गाव असो की लडाखमधली वस्ती, दर एकच. कोर्टाची नोटीस, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, मुलाखतीचं बोलावणं, हे सगळं पोचवायची जबाबदारी पोस्टाची आहे, फायदा असो नसो. गोधडीघरताईंनी लिहिलंय तेच.

थेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये राहते, माहेर सांगलीचं. हीच चर्चा इथे जोरात चालू आहे म्हणून लिहिते.

इथे रॉयल मेल खाजगी कंपनी आहे आणि २०२५ मध्ये ती झेक उद्योगपती डॅनिएल क्रेटिन्स्की यांच्या समूहाने विकत घेतली. पत्रं फार घटली आहेत. २००४-०५ च्या सुमारास वर्षाला सुमारे २० अब्ज होती, अलीकडे सात अब्जांच्याही खाली आली. म्हणून नियामक संस्था ऑफकॉमने २८ जुलै २०२५ पासून सेकंड क्लासची, म्हणजे स्वस्त आणि सावकाश जाणारी, पत्रं सोमवार ते शुक्रवार एक दिवसाआड वाटायची मुभा दिली. फर्स्ट क्लास मात्र आठवड्याचे सहा दिवस वाटायचंच. त्याआधी ३७ डिलिव्हरी ऑफिसांत नव्या पद्धतीची चाचणी केली. इथली टपाल कामगारांची संघटना सीडब्ल्यूयू कामाच्या बोज्याचाच मुद्दा मांडते. पत्रं दिवसाआड झाली तरी पार्सलं आणि फर्स्ट क्लास रोज आहेतच, रस्ता रोज चालायचाच आहे, आणि ज्या दिवशी साठलेली पत्रं निघतात त्या दिवशी ओझं जास्त. वर नकाशावाला यांनी गल्लीचं गणित मांडलंय, तेच इथे लागू पडतं.

डेन्मार्कने तर टोक गाठलं. तिथल्या पोस्टनॉर्ड या टपाल कंपनीने ३० डिसेंबर २०२५ ला शेवटची पत्रं वाटून पत्रसेवाच बंद केली, १६२४ पासून चालत आलेली. आपल्याकडे तसं होणार नाही, होऊ नये. म्हणून तुम्ही हे आत्ता बोलताय ते महत्त्वाचं आहे. चाचणी आधी, तिचे आकडे सगळ्यांसमोर, मग अंमल, हा क्रम तरी मागून घ्या.

निवृत्त सबपोस्टमास्तर

आता कामाचं बोलू. नुसतं 'बोजा वाढला' म्हणून निवेदन दिलं तर वरून उत्तर येतं की आकडे द्या. तेव्हा आकडे तयार ठेवा. प्रत्येक बीटवाल्याने लागोपाठ काही दिवस वही ठेवावी. केंद्रातून निघालो किती वाजता, पहिलं दार किती वाजता, शेवटचं दार, परत केंद्रात, हिशेब संपला किती वाजता. सहीचे नग किती, त्यात ओटीपीचे किती, त्यातले पहिल्या फेरीत किती गेले. राखीचा किंवा दिवाळीचा आठवडा आणि साधा आठवडा वेगवेगळे लिहा, नाहीतर समोरचा म्हणणार की सणाचे दिवस निवडले.

मग मागणी करा की साहेबांपैकी कुणीतरी बीटवर सोबत चालून वेळ नोंदवावी. कागदावरच्या वादापेक्षा ते लवकर मिटतं. मी स्वतः एका निरीक्षकांबरोबर असं बीट चाललो आहे. दुपारपर्यंत त्यांनी वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं की हे एका माणसाचं काम नाही, आणि त्या बीटचे दोन तुकडे झाले. अधिकारी ऐकत नाहीत असं नाही. त्यांच्यासमोर उन्हातला जिना येत नाही, फक्त तक्ता येतो.

गोधडीघर

बदली सुट्टीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. एक विचारते, आमच्यासारख्या पाठवणाऱ्यांनी काय केलं तर तुमची मिनिटं वाचतील?

बीट नंबर सात

ताई, पाठवणाऱ्याने घेणाऱ्याचा चालू मोबाइल नंबर लिहावा आणि जो दिवसा घरी असतो त्याचा लिहावा. ओटीपी त्याच्याच फोनवर गेला की दारावरचं थांबणं संपतं. पत्त्यात मजला आणि विंग लिहा, जवळची खूण लिहा. गिऱ्हाईक आठवडाभर घरी नसेल तर शेजाऱ्याचं नाव किंवा कामाच्या जागेचा पत्ता द्या. राहणाऱ्यांनी खाली पत्रपेटी लावावी, तिच्यावर आडनाव असावं. भाडेकरू बदलला की पेटीवरचं नाव बदला. सोसायट्यांनी पोस्टमनला गेटवर दर वेळी नव्याने नोंद करायला लावू नये, ओळखपत्र पाहून कायमचा प्रवेश द्यावा.

मास्तर, वहीची कल्पना उद्याच आमच्या मंडळींपुढे ठेवतो. निवेदनात 'बॅग आणि मी' यांनी लिहिलेला जुन्या ऑफिसच्या दाराचा मुद्दा आणि नकाशावाल्यांची गठ्ठे बीटजवळ सोडायची सूचना, दोन्ही घालतो. घाटमाथ्यावरच्या भावाची पिशवीची वेळही. निवेदनात पहिली मागणी अशी असेल : ज्या नगासाठी खातं जास्तीचे पैसे घेतं, त्या नगासाठी दारावर लागणारा वेळ प्रत्यक्ष मोजून बीटच्या मापात धरावा आणि तो धरल्याशिवाय कुठलंही बीट दुसऱ्याला जोडू नये. शब्दरचनेत कुणाला सुधारणा सुचवायची असेल तर इथेच लिहा. शनिवारच्या बैठकीआधी मसुदा पक्का करायचा आहे.